थरथर नेमकी कोणाची? टिपेश्वरला निघालेल्या नवशिक्यांसाठी लेन्स-खरेदी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी? ज्यांचा कॅमेरा अजून वॉरंटीत आहे, किटमध्ये आलेल्या १८-५५ लेन्सने काढलेल्या फोटोत वाघ कुठे आहे हे दाखवायला ज्यांना लाल गोल काढावा लागतो, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर ज्यांना ‘झुडूप छान आलंय’ अशी दाद मिळते, अशा सर्वांसाठी. यवतमाळ जिल्ह्यात ही जमात वाढते आहे आणि त्याला जबाबदार आहे टिपेश्वर. पांढरकवड्याजवळचे हे अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. ताडोब्याच्या मानाने लहानच. पण सुन्ना किंवा माथणी गेटमधून आत गेलेला माणूस बाहेर पडतो तो एकच निश्चय करून: आता टेलिफोटो घ्यायचीच.

इथवर सगळे सोपे असते. घोटाळा दुकानात होतो. काउंटरवर एकाच मापाच्या दोन लेन्स ठेवल्या जातात. एकीच्या नावात दोन अक्षरे जास्त, आणि त्या दोन अक्षरांचे पैसेही वेगळे. ही अक्षरे विकत घ्यावीत की नाही, एवढेच आपल्याला शिकायचे आहे. फोटो चांगला येण्याची हमी या मार्गदर्शिकेत नाही. ती लेन्सच्या खोक्यातही नसते. खोके उलटेसुलटे करून शोधू नये.

पाठ पहिला: आपला हात तपासणे

‘माझा हात एकदम स्थिर आहे’ असे वाटणे ही नवशिक्याची पहिली खूण. हात सगळ्यांचाच हलतो. १८ मिलिमीटरवर ते दिसत नाही, ३०० मिलिमीटरवर दिसते, कारण लेन्स वाघाला जवळ आणते तशीच तुमची थरथरही मोठी करून दाखवते.

यावर फिल्मच्या जमान्यापासून एक ठोकताळा चालत आला आहे. लेन्स जितक्या मिलिमीटरची, शटर निदान तितकाच सेकंदाचा भाग ठेवायचा. ३०० मिलिमीटर, तर १/३०० सेकंद. नवशिक्याच्या कॅमेऱ्यात सेन्सर लहान असतो, म्हणून या आकड्याला निकॉनसाठी दीडने आणि कॅननसाठी १.६ ने गुणायचे. उत्तर साडेचारशे-पाचशेच्या घरात येते. म्हणजे १/५०० सेकंद धरून चाला. यापेक्षा सावकाश शटर वापरलेत तर फोटो हलणार, आणि घरी आल्यावर तुम्ही ‘लेन्स सॉफ्ट आहे’ असे सांगत फिरणार.

आता स्टॅबिलायझेशनचे काम ऐका. लेन्सच्या पोटात बारीक जायरो सेन्सर असतात. हात कोणत्या दिशेला कलला हे ते ओळखतात, आणि काचांचा एक गट विद्युतचुंबकाच्या जोरावर उलट दिशेला सरकवला जातो. हे सेकंदाला शेकडो वेळा चालू असते. तुम्ही डावीकडे चुकलात की काच सावरून घेते, उजवीकडे चुकलात तरी सावरून घेते, आणि वर बोलून दाखवत नाही.

कंपनी हा फायदा ‘स्टॉप’मध्ये सांगते. एक स्टॉप म्हणजे शटर निम्म्या वेगाने चालवायची मुभा. चार स्टॉप असतील तर १/५०० वरून २५०, १२५, ६० असे उतरत १/३० पर्यंत येता येते. मात्र हे आकडे प्रयोगशाळेत, ठरावीक पद्धतीने हलणाऱ्या यंत्रावर कॅमेरा बसवून काढलेले असतात. त्या यंत्रासमोर वाघ येत नाही. म्हणून खोक्यावर चार लिहिले असतील तर एरवी तीन धरावेत, आणि प्रत्यक्ष वाघ दिसल्यावर दोन.

पाठ दुसरा: अक्षरओळख

कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर, टॅमरॉनवर व्हीसी, सिग्मावर ओएस, सोनीवर ओएसएस. काम सगळ्यांचे एकच, पण प्रत्येकाला आपले बारसे वेगळे करायचे होते. दुकानात ‘व्हीआरवाली कॅननची दाखवा’ असे म्हणू नये; दुकानदार दाखवतो काहीतरी, पण भाव वाढवूनच.

इतिहास परीक्षेला येत नाही, तरी थोडक्यात सांगतो. निकॉनने १९९४ मध्ये एका छोट्या फिल्म कॅमेऱ्यात ही सोय आणली. लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआरसाठी पहिली स्टॅबिलायझरवाली लेन्स कॅननची, १९९५ ची, ७५-३०० आयएस. फायदा साधारण दोन स्टॉपचा. गंमत पाहा, त्याच कॅननची त्याच मापाची ७५-३०० आयएसशिवायही मिळत राहिली, आणि स्वस्त पडते म्हणून कित्येक नवशिक्यांच्या गळ्यात आजवर तीच पडत आली आहे. त्याच मोठ्या मापाच्या मोहात पडण्यापेक्षा ५५-२५० आयएस घ्यावी. पन्नास मिलिमीटरचे नुकसान कोणाच्या लक्षातही येत नाही. हललेला फोटो मात्र सगळ्यांना दिसतो.

पाठ तिसरा: वाघाला स्टॅबिलायझर बसवता येत नाही

हा सगळ्यांत महत्त्वाचा पाठ असल्यामुळे विद्यार्थी नेमका हाच गाळतात. स्टॅबिलायझर सावरतो तो तुमचा हात. समोरचा प्राणी हलला तर त्याच्यापुढे तो हतबल आहे.

आणि टिपेश्वरचे वाघ हलण्याच्या बाबतीत नामांकित आहेत. इथे जन्मलेला टी१-सी१ हा तरुण वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला तो विदर्भ, तेलंगण आणि मराठवाडा तुडवत सुमारे ३,००० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. त्याचे नाव ‘वॉकर’ पडले. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाटात कॅमेऱ्यात सापडला. ज्यांना जिल्ह्याची हद्द अडवत नाही, ते तुमच्या १/३० साठी थांबतील अशी आशा धरू नये.

म्हणून पुढचा तक्ता तोंडपाठ करावा. बसलेला वाघ: १/६० चालेल, इथे स्टॅबिलायझर सोन्यासारखा. चालणारा वाघ: निदान १/२५०. पळणारा वाघ किंवा उधळलेले चितळ: १/१००० आणि वर. उडता पक्षी: १/१६००, शिवाय नशीब. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत शटर आधीच इतके वेगवान आहे, की तुमच्या हाताची थरथर फोटोत उतरायला वेळच मिळत नाही. तिथे त्या दोन अक्षरांचे काम जवळजवळ संपते, आणि उरतो प्रश्न उजेडाचा.

संध्याकाळच्या फेरीत पाणवठ्यावर वाघीण बसली आहे, ऊन झाडांच्या शेंड्यावर गेले आहे, शटर १/५० वर आले आहे, असे समजा. स्टॅबिलायझर चालू ठेवून काढलेला फोटो मोठा करून पाहा. मिशीचा केस न केस मोजून घ्यावा, डोळ्यात समोरचे पाणी दिसावे, कानामागचा पांढरा ठिपका काठ धरून यावा. आणि शेपटीचे टोक मात्र धुरकट. कारण अख्ख्या वाघिणीत तेवढीच एक गोष्ट हलत होती. हा एक फोटो हजार शब्दांच्या पाठाचे काम करतो. तो जपून ठेवावा, आणि शेपटी कापून ग्रुपवर टाकावा.

पाठ चौथा: जिप्सी आणि सरकी

नवशिक्या सगळे गणित घरच्या सोफ्यावर बसून करतो. टिपेश्वरमध्ये सोफा नसतो, जिप्सी असते. तिचे इंजिन चालू असेपर्यंत दांडीला टेकवलेला कॅमेरा ट्रॅक्टरवर बसल्यासारखा थरथरतो. ही थरथर हातापेक्षा वेगळ्या जातीची असते. निकॉनच्या बऱ्याच लेन्सवर यासाठी ‘ॲक्टिव्ह’ नावाचा मोड असतो. चालत्या गाडीत तो लावावा. पण त्याहून गुणकारी मोड ड्रायव्हरच्या उजव्या हातात असतो, आणि तो गाइडच्या एका वाक्याने चालू होतो: ‘गाडी बंद कर ना बे!’

इंजिन बंद झाल्यावर शेजारच्या प्रवाशांचा मोड येतो. वाघ दिसताच मागच्या सीटवरचे काका उभे राहतात, काकू त्यांना खाली ओढतात, पोरगा टपावर चढू पाहतो. गाइड दबक्या आवाजात सांगतो, ‘सर, हालू नोका, थे पाहा, सागाच्या बुडाशी.’ सगळे एकदम त्या बाजूला कलतात आणि जिप्सीही कलते. जगातल्या कोणत्याही कंपनीने याचे स्टॉप अजून जाहीर केलेले नाहीत.

उपाय कापसाच्या जिल्ह्यातच सापडतो. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापा. एक तोंड दुहेरी शिवणीने बंद करा, दुसऱ्याला चेन बसवा. त्यात सरकी भरा, पण गच्च नको. पाऊण भरली की पुरे. जिनिंगकडून किंवा ढेप-सरकीच्या दुकानातून मिळते, आणि फोटोग्राफीचा छंद सुटलाच तर म्हशीला घालता येते. ही पिशवी जिप्सीच्या दांडीवर टाकली की दोन्ही बाजूंना लोंबते आणि मध्ये खळगा होतो. लेन्स त्या खळग्यात बसवून वरून डाव्या हाताने हलकेच दाबा. सरकी लेन्सच्या अंगाप्रमाणे सरकते आणि तिला घट्ट धरते. ज्याची लेन्स बिनस्टॅबिलायझरची आहे, त्याने ही पिशवी बनवल्याशिवाय गेटवर जाऊ नये. ज्याची स्टॅबिलायझरवाली आहे, त्यानेही न्यावी आणि शेजाऱ्याला दाखवू नये.

तिवईबद्दल, म्हणजे ट्रायपॉडबद्दल, दोन शब्द. जिप्सीत ती मावत नाही. बाहेर कुठे वापरलीत, तर जुन्या लेन्सचा स्टॅबिलायझर आधी बंद करा. कॅमेरा मुळीच हलत नसला की काही जुन्या यंत्रणा स्वतःच काम उकरून काढतात आणि स्थिर फोटो हलवून देतात. कामसू माणसांचेही असेच होते.

पाठ पाचवा: शंकरपट, लग्न आणि कबड्डी

वाघ रोज दिसत नाही. बाकीचे दिवस लेन्सने काय करायचे, हे खरेदीआधी ठरवा.

शंकरपटाला जात असाल तर स्टॅबिलायझर घ्या. बैलांच्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदाही वैध ठरवला, आणि विदर्भातले पट पुन्हा रंगू लागले. इथली युक्ती म्हणजे पॅनिंग. शटर १/६० ते १/१२५ ठेवायचे आणि जोडीच्या वेगाने कॅमेरा आडवा फिरवत नेत फोटो घ्यायचा. बैल आणि धुरकरी स्पष्ट, मागची गर्दी रेघारेघांची. काही लेन्सवर यासाठी ‘मोड २’ असतो. तो आडवी हालचाल मुद्दाम सोडून देतो आणि फक्त वरखाली होणारी थरथर धरतो. मोड १ वर विसरलात, तर लेन्स तुमच्या पॅनिंगलाच थरथर समजून मागे खेचू पाहते. जोडी पुढे, काच मागे, आणि फोटोत धूळ.

लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर थोडे थांबा. मंगलाष्टकांच्या वेळी नवरा-नवरी पुतळ्यासारखी उभी असतात; तिथे स्टॅबिलायझर मदत करतो. वरातीतल्या नाचाला तो काहीच करू शकत नाही. रात्रीच्या कबड्डीलाही नाही. तिथे हवा असतो उजेड, म्हणजे मोठे ॲपर्चर. ७०-२०० एफ/२.८ ही त्यासाठीची रूढ लेन्स. साधी ७०-३०० तिच्या लांब टोकाला एफ/५.६ किंवा एफ/६.३ वर येते. एफ/२.८ तिच्यापेक्षा निदान दोन स्टॉप जास्त उजेड आत घेते, आणि हे दोन स्टॉप धावणाऱ्या माणसालाही थांबवतात. पैसे मर्यादित असतील तर चढाईपटूसाठी जुनी, बिनस्टॅबिलायझरची एफ/२.८ ही शहाण्याची खरेदी. फक्त वजन दीड किलोच्या आसपास असते, म्हणजे खांद्याचाही विचार करावा.

पाठ सहावा: मे महिन्याची तलखी

उन्हाळ्यात पाणी आटते, वाघ पाणवठ्यावर येतात, म्हणून नवशिक्या मे महिन्याचे बुकिंग करतो. यवतमाळचा पारा तेव्हा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारच्या फेरीत तापलेल्या रस्त्यावरून हवा लहरत वर जाते, आणि लांबचा वाघ पाण्याखाली बसल्यासारखा डुलत दिसतो. फोटो मऊ येतो. मग लेन्स दुरुस्तीला नागपूरला जाते, ‘लेन्समध्ये दोष नाही’ असा शेरा घेऊन परत येते, आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा जाते. हवेच्या थरथरीवर आयएस, व्हीआर, व्हीसी, काहीही चालत नाही. चालतात दोनच गोष्टी: पहाटेची फेरी आणि कमी अंतर. अंतर कमी करण्यासाठी जिप्सीतून उतरायचे नाही. ते वाघाने करायचे असते.

पाठ सातवा: दुकानात काय पाहावे

१. वजनाच्या धमकीला भिऊ नका. निकॉनने २०१६ मध्ये एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय अशी जोडीने आणली. एक ४१५ ग्रॅम, दुसरी ४००. फरक पंधरा ग्रॅमचा. ‘व्हीआरवाली जड पडेल’ असे सांगणाऱ्या दुकानदाराकडे बिनव्हीआरचा जुना माल पडून आहे, असे समजावे.

२. बॉडी कोणती ते आधी सांगा. हीच एएफ-पी मालिका निकॉन डी९० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही. शिवाय तिच्यावर व्हीआरचे बटण नसते. चालू-बंद करणे बॉडीच्या मेनूतून.

३. ‘बॉडीतच स्टॅबिलायझर आहे, लेन्समध्ये कशाला?’ असे कोणी म्हटले तर बॉडीचे नाव विचारा. कॅनन आर७ मध्ये ती सोय आहे. आर५०, आर१० आणि निकॉन झेड५० मध्ये नाही. असली तरी लेन्स लांब होत गेली की सेन्सरला फार सरकावे लागते, आणि त्याची धाव तोकडी पडते. लांब लेन्सला लेन्समधलाच स्टॅबिलायझर जास्त कामाचा.

४. सेकंड हँड घेताना कानाजवळ हलवून पाहतात आणि आत काही खुळखुळले की घाबरतात. कॅमेरा बंद असताना स्टॅबिलायझरची काच सैल असते, त्यामुळे बऱ्याच लेन्समध्ये थोडा आवाज होणे स्वाभाविक आहे. खरी तपासणी अशी: लेन्स बॉडीला लावा, शटर अर्धे दाबा. बारीक घरघर ऐकू यावी आणि व्ह्यूफाइंडरमधले चित्र एकदम शांत व्हावे. चित्र उड्या मारू लागले तर नमस्कार करून बाहेर पडा. जुन्या लेन्सला स्थिरावायला क्षणभर लागतो. अर्धे दाबून तेवढा धीर धरा.

५. घरच्यांना किंमत रुपयांत सांगण्याऐवजी कापसात सांगा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. दोन अक्षरांचा फरक क्विंटलभराच्या आत बसत असेल तर घ्या. तीन-चार क्विंटलवर जात असेल तर आधी कबड्डीचा पाठ पुन्हा वाचा. आणि कापूस हमीभावाने खरेच विकला गेला का, याची घरात चौकशी करूनच विषय काढा.

अंतिम परीक्षा

पैसे देण्याआधी दुकानाच्या पायरीवर ही परीक्षा द्यायची. लेन्स ३०० वर, शटर १/६०, आयएसओ ऑटो. समोरच्या दुकानाच्या पाटीचे काही फोटो स्टॅबिलायझर बंद ठेवून काढा, तेवढेच चालू ठेवून. मग तीच लेन्स रस्त्यावरून जाणाऱ्या ऑटोवर धरा. बंद ठेवून, चालू ठेवून. शेवटी स्टॅबिलायझर बंद, शटर १/५००, आणि पुन्हा ऑटो.

फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पूर्ण मोठे करून पाहा. पाटी पहिल्या खेपेला पुसट, दुसऱ्या खेपेला फोन नंबरासकट वाचता येईल. ऑटो पहिल्या दोन्ही खेपांना फराटा, १/५०० वर मात्र मागचा नंबरसुद्धा स्वच्छ. आता स्वतःला विचारा, तुमच्या मनातला फोटो पाटीच्या जातीचा की ऑटोच्या? बसलेला वाघ, फाल्गुनातला पळस, कळंबच्या चिंतामणीचे शिखर या सगळ्या पाट्या. त्यांना स्टॅबिलायझर घ्या. उडते पक्षी, कबड्डी, वरात हे सगळे ऑटो. त्यांचे पैसे ॲपर्चरमध्ये घाला. दोन्ही हवे असतील, आणि बहुतेकांना दोन्हीच हवे असतात, तर स्टॅबिलायझरवालीच घ्या. असलेला स्टॅबिलायझर बंद करता येतो. नसलेला चालू करायचे बटण कोणत्याच कंपनीने अजून काढलेले नाही.

परीक्षा चालू असताना एखादा ऑटोवाला थांबून ‘कायचा फोटो काढून रायला भाऊ?’ असे विचारेलच. त्याचाही एक काढा. थांबलेल्या ऑटोला १/६० पुरते.